६० ग्रेच्या रेषेआत परतणारी गाठ

मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा या गाठीवरचे उपचार पूर्ण झाल्यानंतर ती पुन्हा वाढू लागते, तेव्हा दहापैकी सुमारे आठ रुग्णांमध्ये ती मूळ जागेपासून दोन सेंटीमीटरच्या आतच वाढते, म्हणजे जिथे सर्वांत जास्त रेडिएशन दिलेले असते नेमकी तिथेच. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. किरण कोणत्या दिशेने आणि किती सोडायचे याचे नियोजन करणे, आणि ठरवले तसेच ते पोहोचतात की नाही हे मोजून पाहणे, हे माझे काम. रुग्ण काही महिन्यांनी पुन्हा तक्रार घेऊन आला की त्याचा नवा एमआरआय जुन्या प्लॅनवर चढवून पाहावा लागतो. ग्रे हे रेडिएशनच्या डोसाचे एकक. पडद्यावर ६० ग्रेचा पूर्ण डोस मिळालेल्या भागाची रेषा असते आणि तिच्या आत, कित्येकदा अगदी मध्यभागी, स्कॅनआधी शिरेतून दिलेल्या कॉन्ट्रास्ट द्रवाने उजळलेली नवी कडा असते. किरण दुसरीकडे गेलेले नसतात, कमीही पडलेले नसतात. काही पेशींनी ते सोसलेले असतात. त्या ते कसे सोसतात आणि ती ताकद मोडण्याचे प्रयत्न कुठवर आले आहेत, हे मी इथे लिहिणार आहे, कारण रुग्णांच्या नातेवाइकांना याबद्दल जे वाचायला मिळते ते एक तर फार भाबडे असते किंवा फार निराश.

प्रौढांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांपैकी हा सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत आक्रमक. तो शरीरात इतरत्र सहसा पसरत नाही, पण मेंदूच्या आत त्याच्या पेशी पांढऱ्या तंतूंच्या वाटेने दूरवर सरकत जातात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील वॉल्टर डँडी या शल्यविशारदांनी १९२८ मध्ये, डावी बाजू आधीच लुळी पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूचा संपूर्ण उजवा अर्धगोल काढून टाकल्याचे प्रसिद्ध केले. अर्धा मेंदू काढूनही आजार बरा झाला नाही, उरलेल्या अर्ध्या भागात तो पुन्हा दिसला. सर्जनने कितीही कौशल्याने गाठ काढली तरी शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन का द्यावेच लागते, याचे उत्तर त्या जुन्या अनुभवात आहे. सुरीला जिथे जाता येत नाही तिथल्या पेशींसाठी किरण आहेत.

आणि किरणांचा उपयोग होतो, हे आधी स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत शस्त्रक्रियेनंतर केवळ आधाराचे उपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान १४ आठवडे होते, तर रेडिएशन मिळालेल्यांचे सुमारे ३६ आठवडे. ब्रिटनमधील चाचणीत ४५ ग्रेऐवजी ६० ग्रे दिल्यावर ते नऊ महिन्यांवरून बारा महिन्यांवर गेले. २००५ मध्ये रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले. रेडिएशनच्या सहा आठवड्यांत रोज टेमोझोलोमाइड या केमोथेरपीची गोळी आणि नंतर तिचेच कोर्स दिल्यास मध्यक आयुर्मान १२.१ वरून १४.६ महिने झाले, आणि दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झाले. आज मुंबईत असो, नागपुरात असो किंवा जगात अन्यत्र कुठेही, उपचारांचा पाया हाच आहे. इथे मध्यक म्हणजे काय हे नातेवाइकांना कोणीतरी नीट समजावून द्यायला हवे, असे मला नेहमी वाटते. अर्धे रुग्ण त्या मुदतीपेक्षा कमी जगतात आणि अर्धे जास्त, काही तर खूप जास्त. पंधरा महिने ही कोणाच्याही हातावर लिहिलेली तारीख नव्हे.

साहजिकच पुढचा प्रश्न येतो. एका रुग्णाच्या मुलीने तो मला थेट विचारला होता, "सर, बाबांना सोसतंय तर अजून दहा लाईट वाढवता येणार नाहीत का?" लाईट म्हणजे रेडिएशनची एकेक बैठक. प्रश्न तर्काला धरून आहे. ४५ वरून ६० ग्रेवर गेल्यावर तीन महिने मिळाले, तर ६० वरून ७५ वर गेल्यावर आणखी मिळायला हवेत. हे करून पाहिलेले आहे. ६० ग्रेच्या आधी एकाच बैठकीत नेमक्या जागेवर मोठा डोस, म्हणजे रेडिओसर्जरी, देण्याची अमेरिकन चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोन्ही गटांचे आयुर्मान सुमारे साडेतेरा महिने, म्हणजे जवळजवळ सारखेच निघाले. नंतर टेमोझोलोमाइडच्या जोडीने एक्स-किरणांचा डोस ७५ ग्रेपर्यंत नेऊनही आयुर्मान वाढले नाही. दुसरीकडे निरोगी मेंदूची सहनशक्ती ठरलेली आहे. दृष्टीच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्या जागेला ५४-५५ ग्रेच्या पुढे नेताना आम्ही फार जपतो, कारण त्यापुढे अंधत्वाचा धोका वाढत जातो. मेंदूच्या खोडाचीही मर्यादा साधारण तीच. डोस बेसुमार वाढवला तर किरणांनीच मेलेल्या ऊतीचा गोळा तयार होतो, त्याला सूज येते, आणि रुग्णाचे बोलणे-चालणे गाठीने नव्हे तर उपचाराने हिरावले जाते. डोस वाढवण्याचे दार जवळजवळ बंद झालेले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच डोसात गाठीची सहनशक्ती कशी खालावेल, हा आता खरा प्रश्न आहे.

त्यासाठी किरण पेशीत काय करतात ते पाहावे लागते. ६० ग्रे एकदम देत नाहीत. रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, असे तीस भाग करतात. रुग्ण टेबलावर उताणा झोपतो. आधीच गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर बसवलेला आणि थंड होऊन कडक झालेला जाळीदार मुखवटा टेबलाला अडकवला जातो, म्हणजे डोके एखाद-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हलत नाही. मग लिनॅक या किरण सोडणाऱ्या यंत्राचे डोके त्याच्याभोवती फिरते आणि काही मिनिटांत त्या दिवसाचा डोस संपतो. त्याला काहीच जाणवत नाही. पेशीच्या आत मात्र प्रत्येक ग्रेमागे डीएनएला सुमारे एक हजार एकेरी तुटी आणि चाळीसच्या आसपास दुहेरी तुटी पडतात. दोन पदरी दोरीचा एकच पदर तुटला तर दुसऱ्याच्या आधाराने तो जोडता येतो. दोन्ही पदर एकाच जागी तुटले की जोडणे कठीण होते, आणि एक जरी दुहेरी तूट नीट जुळली नाही तरी पुढच्या विभाजनात पेशी मरू शकते. म्हणून रेडिएशनचा सगळा खेळ त्या चाळीस तुटींवर आणि त्या दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेवर चालतो. निरोगी पेशींना रात्रभरात ही दुरुस्ती करता यावी म्हणून डोस रोज थोडाथोडा देतात. दुर्दैवाने गाठीतल्या काही पेशी त्याच रात्रीचा उपयोग आणखी चांगला करून घेतात.

त्या कोणत्या पेशी, याचा एक महत्त्वाचा धागा २००६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सापडला. शिदेंग बाओ, जेरेमी रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गाठीतील सीडी१३३ ही खूण असलेल्या, मूलपेशींसारख्या वागणाऱ्या पेशींचे प्रमाण रेडिएशननंतर वाढते. किरणांनी त्यांच्याही डीएनएला इजा होते, पण इजा झाली की विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देणारी तपासणी-यंत्रणा त्यांच्यात अधिक जोमाने चालू होते. ती चालवणारी सीएचके१ आणि सीएचके२ ही प्रथिने औषधाने बंद केल्यावर त्या पेशींचा चिवटपणा कमी झाला. मूलपेशी म्हणजे नेमके काय आणि सीडी१३३ ही खूण पुरेशी आहे का, यावर नंतर पुष्कळ वाद झाला आणि तो योग्यच होता. पण दुरुस्तीची क्षमता हे प्रतिकाराचे केंद्र आहे, हा मुद्दा टिकला.

आपल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संस्थेत शिल्पी दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. बहुतेक पेशी मराव्यात इतका डोस दिल्यानंतर जी मूठभर शिल्लक राहतात, त्यांचेच काय होते हे त्यांनी प्रयोगशाळेत दिवसेंदिवस पाहिले. २०१५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणानुसार या उरलेल्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी बनवतात, काही काळ विभाजन न करता तग धरून राहतात, आणि नंतर पुन्हा वाढू लागतात. मला हे काम फार मोलाचे वाटते, कारण एमआरआयमध्ये सर्व शांत दिसत असलेल्या त्या मधल्या काळात आत काय चालले असेल याची त्यावरून कल्पना येते. त्या शांततेच्या काळातच या पेशींवर घाव घालायला हवा.

प्रतिकाराची आणखीही कारणे आहेत. किरणांना डीएनए तोडायला ऑक्सिजनची मदत लागते. ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो, आणि ग्लिओब्लास्टोमाच्या आत मृत ऊतीच्या कडेने अशा गुदमरलेल्या पेशींच्या रांगा असतात. ही गोष्ट १९५० च्या दशकापासून माहीत असूनही ऑक्सिजनची जागा घेणाऱ्या जुन्या औषधांनी मेंदूच्या गाठींत निराशाच केली. त्यापेक्षा नवी आणि मला स्वतःला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट जर्मनीतील हायडेलबर्ग इथून आली. फ्रँक विंकलर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की या गाठीच्या पेशी लांबच लांब, बारीक नळ्या काढून एकमेकींना जोडलेल्या असतात, त्या नळ्यांतून कॅल्शियमच्या लहरी पाठवतात, आणि अशा जाळ्यात जोडलेल्या पेशी रेडिएशनमध्ये वाचतात तर सुट्या पेशी मरतात. चार वर्षांनी असेही स्पष्ट झाले की निरोगी चेतापेशी गाठीच्या पेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात आणि मेंदूचे नेहमीचे विद्युत संदेशच गाठीला वाढवतात. या क्षेत्रातील कामासाठी विंकलर आणि स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्ये यांना २०२५ चे ब्रेन प्राइझ हे मेंदूसंशोधनाचे पारितोषिक मिळाले. पेशींमधल्या जोडण्या बंद करणारे मेक्लोफेनामेट हे मूळचे वेदनाशामक औषध जर्मनीत टेमोझोलोमाइडबरोबर देऊन पाहिले जात आहे.

तरीही माझा भर दुरुस्तीवर राहतो, कारण तिथे हाताला लागेल असे काही घडत आहे. एटीएम हे दुहेरी तूट ओळखून धोक्याची सूचना देणारे प्रथिन. ज्या मुलांत ते जन्मतःच निकामी असते ती मुले रेडिएशनला इतकी संवेदनशील असतात की त्यांना नेहमीचा डोस देणे धोक्याचे ठरते. म्हणजे एटीएम थोड्या काळापुरते बंद करता आले, तर तोच २ ग्रे गाठीला कितीतरी भारी पडेल. मेंदूत शिरू शकेल अशा रचनेचे एझेडडी१३९० हे औषध याच उद्देशाने बनवले गेले आणि रेडिएशनबरोबर त्याच्या प्राथमिक चाचण्या चालू आहेत. धोका उघड आहे: औषध निरोगी मेंदूलाही तितकेच हळवे करील का? इथे मात्र आमच्या बाजूच्या तंत्राचा उपयोग होतो. किरण गाठीपुरते मर्यादित ठेवता येतात, त्यामुळे औषध सर्वत्र पोहोचले तरी त्याचा घाव मुख्यतः किरण पडतील तिथेच बसावा, अशी अपेक्षा ठेवता येते. आखणी जितकी काटेकोर तितकी ही अपेक्षा खरी ठरेल. म्हणून औषधांच्या या बातम्या मी फिजिसिस्ट असूनही इतक्या आस्थेने वाचतो.

पार्प या दुसऱ्या दुरुस्ती-प्रथिनाला रोखणाऱ्या औषधांची कहाणी अधिक शिकवणारी आहे. ऑस्ट्रेलियात वेलिपॅरिब हे औषध रेडिएशनबरोबर आणि नंतर टेमोझोलोमाइडबरोबर देऊन पाहिले गेले आणि दोन्ही गटांचे आयुर्मान सुमारे तेरा महिनेच राहिले. वर्तमानपत्री भाषेत हे अपयश. परंतु त्याच वर्गातली सर्व औषधे सारखी नसतात. काही पार्पला डीएनएवर जखडून टाकतात, काही नुसतेच त्याचे काम मंद करतात. शिवाय एमआरआयमध्ये जो भाग उजळतो तिथे रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर आधीच फाटलेला असतो. तिथे औषध पोहोचणे ही मोठी गोष्ट नाही. ज्या पेशी पुढे गाठ परत आणतात त्यांतल्या पुष्कळ त्या उजळलेल्या कडेच्या पलीकडे, अडसर शाबूत असलेल्या ऊतीत असतात. वर्षानुवर्षे आपण उंदरांतले निकाल पाहून थेट शेकडो रुग्णांच्या चाचण्या केल्या आणि औषध त्या न उजळणाऱ्या भागात पोहोचले होते का, हे शेवटपर्यंत तपासले नाही. माझ्या दृष्टीने या क्षेत्राची सर्वांत मोठी चूक ही होती.

ती आता सुधारली जात आहे. अमेरिकेत फीनिक्स इथल्या आयव्ही ब्रेन ट्यूमर सेंटरमध्ये रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी काही दिवस निरापॅरिब हे पार्प रोखणारे औषध दिले जाते, काढलेल्या गाठीच्या न उजळणाऱ्या भागात औषधाचे प्रमाण मोजले जाते, आणि ते पुरेसे असेल तरच रेडिएशनबरोबर ते पुढे चालू ठेवले जाते. तिथल्या निकालांच्या आधारावर २०२४ मध्ये निरापॅरिबची टेमोझोलोमाइडशी तुलना करणारी मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी सुरू झाली. मिशिगन विद्यापीठात डॅनियल वाल आणि सहकाऱ्यांनी तोच शिस्तीचा मार्ग वेगळ्या लक्ष्यासाठी धरला. त्यांनी २०२० मध्ये दाखवले की प्रतिकार करणाऱ्या गाठींत प्युरिन या डीएनएच्या घटकांचा साठा जास्त असतो, त्यातही जीटीपी नावाचा घटक दुरुस्तीला वेग देतो, आणि तो तयार करणारी वाट अडवली की उंदरांतल्या गाठी रेडिएशनला पुन्हा दाद देऊ लागतात. ही वाट अडवणारे मायकोफेनोलेट हे औषध मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेले रुग्ण कित्येक वर्षांपासून घेत आहेत. त्यामुळे नवे औषध शोधण्याची गरज नव्हती, पण ते थेट सर्वांना न देता शस्त्रक्रियेआधी देऊन गाठीच्या ऊतीत पोहोचते का हे आधी पाहिले गेले.

ही माहिती वाचून कोणी मायकोफेनोलेट केमिस्टकडून आणून सुरू करू नये, हे इथेच कळकळीने सांगतो. ते प्रतिकारशक्ती दाबणारे औषध आहे. टेमोझोलोमाइड आणि रेडिएशनने रक्तातल्या लिम्फोसाइट या संसर्गाशी लढणाऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात, त्यात हे औषध देखरेखीशिवाय घेतले तर गंभीर संसर्ग होऊ शकतो. प्रोटॉनबद्दलही नातेवाईक हल्ली फार विचारतात, कारण खारघरला २०२३ पासून ती सोय झाली आहे. प्रोटॉनने निरोगी मेंदूवर जाणारा डोस कमी होतो, आणि लहान मुलांच्या काही गाठींत त्याचे मोल मोठे आहे. पण तेवढ्याच डोसाचा पेशीवरचा परिणाम एक्स-किरणांपेक्षा साधारण दहा टक्केच जास्त धरला जातो. ज्या पेशी एक्स-किरण सोसतात त्या प्रोटॉनही बहुधा सोसतील. केवळ ग्लिओब्लास्टोमाचा प्रतिकार मोडेल या आशेने घर किंवा शेत गहाण टाकावे, असे त्यात काही नाही.

याउलट जी गोष्ट तुलनेने साधी आहे तिच्याकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. एमजीएमटी हे प्रथिन टेमोझोलोमाइडने केलेली इजा जागच्या जागी पुसून टाकते. ज्यांच्या गाठीत या प्रथिनाचे जनुक मेथिलेशन या रासायनिक बदलामुळे बंद असते त्यांना या गोळीचा खरा फायदा होतो. मोनिका हेगी यांनी २००५ मध्ये त्याच ५७३ रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीची ऊती उपलब्ध होती त्यांची तपासणी करून दाखवले की अशा रुग्णांत गोळी आणि रेडिएशनने २१.७ महिने मिळाले, केवळ रेडिएशनने १५.३. जनुक चालू असलेल्यांत मात्र १२.७ आणि ११.८, म्हणजे फरक अगदी थोडा. तपासलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक या दुसऱ्या गटात होते, आणि निरापॅरिबची मोठी चाचणी त्यांच्यासाठीच आखलेली आहे. तरीही माझ्यासमोर नियोजनासाठी येणाऱ्या कित्येक फायलींत एमजीएमटीचा रिपोर्ट नसतो. कधी तपासणीचा खर्च आड येतो, कधी काढलेली ऊती मेणात जपून ठेवलेले पॅराफिनचे ब्लॉक पहिल्या रुग्णालयातच पडून राहतात, तर कधी ऊती इतकी थोडी असते की सूक्ष्मदर्शकाखालच्या निदानातच संपते.

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जनना आणि नंतर पॅथॉलॉजी विभागाला नातेवाइकांनी दोन गोष्टी विचाराव्यात: एमजीएमटी आणि गाठीचा नेमका प्रकार ठरवायला मदत करणारी आयडीएच या तपासण्यांसाठी पुरेशी ऊती ठेवली जाणार आहे का, आणि ब्लॉक आपल्याला केव्हा मिळतील. रेडिएशन साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत सुरू होते, त्यामुळे तेवढ्या अवधीत रिपोर्ट येऊ शकतो. आणि उपचार सुरू झाल्यावर मधले दिवस चुकवू नयेत. गावाहून येणाऱ्यांना सहा आठवडे शहरात राहणे किती अवघड जाते हे मी रोज पाहतो, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशाच कुटुंबांनी भरलेली असते. वयस्क आणि अशक्त रुग्णांसाठी तीन आठवड्यांत ४० ग्रे देण्याची पद्धत चाचण्यांतून सिद्ध झालेली आहे, तिच्याबद्दलही डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे. उपचार संपल्यावर पहिल्या तीन महिन्यांतल्या एमआरआयमध्ये गाठ वाढल्यासारखी दिसली तर ती नेहमीच वाढलेली असते असे नाही. किरणांच्या परिणामानेही तसे चित्र दिसते, म्हणून उपचार बदलण्याची घाई करण्याऐवजी काही आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून पाहतात.